छोट्या गाडीचा हेडलाइट सुधारायचाय? आधी काच, मग वायरिंग, बल्ब त्यानंतर

ऑल्टो, वॅगनआर, सँट्रो, जुनी स्विफ्ट, यातली कुठलीही गाडी असेल आणि हायवे सोडून गावाकडच्या रस्त्याला लागलं की लाइट पुरत नाही असं वाटत असेल तर लगेच डोळ्यांना दोष देऊ नका, बऱ्याचदा लाइट खरंच कमी पडत असतो. कराड, सांगली, कोल्हापूर, इंदापूर या पट्ट्यात गाळप हंगामात ज्यांनी रात्री गाडी चालवलीय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल, पुढे उसाची ट्रॉली, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, बाजूने लोंबणारा ऊस, आणि समोरून अप्पर मारत येणारा ट्रक. तिथे वीस मीटर आधी दिसणं आणि वीस मीटर उशिरा दिसणं यात जिवाचा फरक आहे.

मग लोक काय करतात, ॲक्सेसरीच्या दुकानात जातात, दुकानदार एलईडी बल्ब लावून दाखवतो, समोरच्या शटरवर पांढराशुभ्र झोत पडतो, पैसे देऊन घरी. माझं मत विचाराल तर हे शेवटचं काम आहे आणि बहुतेकांना ते करायची गरजही पडणार नाही. कंपनीने जो प्रकाश दिलाय तो आधी पूर्णच्या पूर्ण रस्त्यावर आणा. आज त्यातला बराचसा पिवळ्या काचेत, बारीक वायरीत आणि चुकलेल्या सेटिंगमध्ये वाया जातोय. तो परत मिळवला की गाडी वेगळीच वाटते, आणि समोरच्याचे डोळेही दिपत नाहीत.

आधी हेडलाइटच्या आत काय चालतं ते बघू

या बहुतेक गाड्यांत एच-फोर नावाचा हॅलोजन बल्ब असतो. एकाच काचेत दोन तारा, एक ६० वॅटची अप्परसाठी, एक ५५ वॅटची डिप्परसाठी, म्हणून पाकिटावर ६०/५५ लिहिलेलं असतं. बल्ब हातात घेऊन नीट बघा, डिप्परच्या तारेखाली एक छोटीशी पत्र्याची वाटी दिसेल. सगळी करामत त्या वाटीची आहे. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे डिप्परला रिफ्लेक्टरचा, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत आरशाचा, फक्त वरचा भाग वापरला जातो आणि भिंतीवर एक स्वच्छ आडवी रेघ पडते, रेघेखाली उजेड, वर अंधार. आपण डावीकडून चालवतो म्हणून ही रेघ डावीकडे साधारण १५ अंशाने वर चढते, म्हणजे रस्त्याच्या कडेचा माणूस, सायकलवाला, मैलाचा दगड लांबून दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यात मात्र काही जाऊ नये. ही रेघ म्हणजे कट-ऑफ. तार, वाटी आणि रिफ्लेक्टर यांची जागा एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी कट-ऑफ बिघडतो, हे डोक्यात ठेवा, पुढे एलईडीच्या वेळी कामाला येईल.

अजून एक गोष्ट, या बल्बचा प्रमाणित प्रकाश मोजतात तो १३.२ व्होल्टवर, अप्परला १६५० ल्युमेन आणि डिप्परला १००० ल्युमेन, थोडं मागेपुढे. १३.२ हा आकडा लक्षात असू द्या.

पहिलं काम, काच

गाडी सावलीत लावा आणि हेडलाइटकडे समोरून नाही, बाजूने तिरकं बघा. पिवळट, दुधाळ, वरच्या बाजूला बारीक जाळी दिसतेय? हल्लीच्या गाड्यांची ही काच म्हणजे काच नसून पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक असतं, त्यावर उन्हापासून वाचवणारा एक थर असतो आणि तो उडाला की प्लास्टिक पिवळं पडतं. गाडी कायम उघड्यावर उभी असेल तर लवकर पडतं. अशी काच प्रकाश नुसता कमी करत नाही तर इकडेतिकडे पसरवते, म्हणजे तुम्हाला कमी दिसतं आणि समोरच्याला जास्त टोचतं. (खूप जुन्या गाड्यांना खरी काच असायची, तिथे हा प्रश्नच नाही, धुतली की झालं.)

घासायला काय लागेल: ८००, १०००, १५००, २००० आणि मिळाला तर ३००० नंबरचा वॉटर पेपर, मास्किंग टेप, पाण्याची बाटली, रबिंग कंपाउंड, मऊ कापड. हेडलाइटच्या कडेने बॉनेटच्या आणि बंपरच्या पेंटवर दोन-तीन थर टेप लावा, हा कंटाळा करू नका, पेंटला ८०० चा पेपर लागला तर तो ओरखडा कायमचा. पेपर पाण्यात भिजवून ठेवा आणि काच सतत ओली ठेवत आडव्या दिशेने घासा. सुरुवातीला पिवळं पाणी निघेल, तो जुना थर निघतोय. पाणी पांढरं यायला लागलं आणि पूर्ण काच एकसारखी धुरकट दिसली की पुढचा नंबर, या वेळी उभ्या दिशेने, म्हणजे आधीचे ओरखडे गेले का ते कळतं. प्रत्येक नंबरला दिशा बदला. इथे घाई केली तर शेवटी पॉलिश केल्यावर ८०० चे ओरखडे डोळे वटारून बघत बसतात आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. २००० नंतर काच धुकं आल्यासारखी दिसते, घाबरू नका, कंपाउंड मारलं की लख्ख होते.

टूथपेस्टने घासायचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. चमक येते, पण थोडेच दिवस. आणि पेपर मारून नुसतं पॉलिश करून सोडलं तरी तेच होणार, कारण उन्हाचा थर आपणच काढून टाकला, काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी. म्हणून वरून यूव्ही क्लिअर कोट पाहिजेच. किटमध्ये पुसून लावायचा येतो तो सोपा, स्प्रेचा टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, क्लिअर कोट जास्त टिकतो पण त्यातलं हार्डनर फुप्फुसाला घातक असतं, मोकळ्या जागेत आणि चांगला मास्क लावूनच मारा, नाहीतर पेंटरकडून करून घ्या. पावसाळी हवेत कोट मारू नका, दमटपणाने दुधाळ होतो.

घासून काय सुटणार नाही ते पण सांगतो. भेगा आतून असतील, किंवा आतल्या रिफ्लेक्टरची चांदी काळपट झाली असेल, उडाली असेल तर काच कितीही लख्ख करा, उपयोग शून्य. टॉर्च मारून बल्बच्या वरच्या बाजूचा रिफ्लेक्टर बघा, डिप्परचं सगळं काम तोच भाग करतो आणि उष्णतेने जळतोही तोच. तो गेला असेल तर पूर्ण असेंब्ली, म्हणजे काच-रिफ्लेक्टरसकट अख्खा हेडलाइट बदला, त्याला पर्याय नाही. बदलताना कंपनीची किंवा नावाजलेल्या उत्पादकाची घ्या. काचेवर बारीक अक्षरं असतात, एचसीआर म्हणजे हॅलोजनचा डिप्पर आणि अप्पर दोन्ही, शेजारी एक आडवा बाण असतो. आपल्या डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनवलेल्या लाइटवर, समोर उभं राहून बघितलं तर बाण आपल्या उजव्या हाताकडे असतो. असं काहीच चिन्ह नसलेली स्वस्त असेंब्ली दिसायला हुबेहूब असते, पण भिंतीवर तिचा कट-ऑफ बघा, वितळल्यासारखा दिसतो.

जाता जाता, पुढची विंडशील्ड आतून पुसा. डॅशबोर्डचं प्लास्टिक तापून आतल्या बाजूला एक चिकट पापुद्रा धरतो, दिवसा दिसतच नाही आणि रात्री समोरचा लाइट आला की पूर्ण काच पांढरी होते. हेडलाइट कमजोर असल्याची अर्धी तक्रार कधीकधी इथेच मिटते.

दुसरं काम, व्होल्ट मोजा

हे काम जवळजवळ कोणी करत नाही आणि मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. हॅलोजनचं गणित असं की व्होल्टेज १० टक्के कमी झालं की प्रकाश साधारण ३० टक्के कमी होतो. बॅटरीपासून फ्यूज, तिथून स्टिअरिंगखालचा स्विच, तिथून परत पुढे बॉनेटमध्ये, एवढा प्रवास बारीक वायरीतून करून करंट बल्बपर्यंत येतो, वाटेत प्रत्येक कपलर, म्हणजे वायरींचा जोड, थोडं थोडं खातो. गाडी जुनी झाली, टर्मिनल काळी पडली की अजून खातो.

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू, डिप्पर चालू. आधी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मोजा, १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला पाहिजे. त्याहून बरंच कमी असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा, हेडलाइटला हात लावू नका अजून. मग बल्बच्या मागचा कपलर, तो बल्बला जोडलेलाच ठेवायचा, काढून मोजलं तर लोड नसतो आणि आकडा खोटा येतो. मागच्या बाजूने वायरीच्या शेजारून प्रोब किंवा टाचणी आत सरकवा, दोन टाचण्या एकमेकींना चिकटू देऊ नका. आता बल्बला काय मिळतंय ते कळेल.

बॅटरीवर १४ आणि बल्बला १३.५ असेल तर वायरिंग ठणठणीत आहे, रिलेवर (तो काय असतो ते पुढे सांगतो) पैसे घालवू नका, बऱ्याच गाड्यांत कंपनीकडूनच रिले येतो. बल्बला १२ च्या आसपास येत असेल तर हिशोब करा, १३.२ च्या मानाने पाव भागाहून जास्त प्रकाश वायरीतच गेला. साडेअकरा आलं तर एक तृतीयांशाहून जास्त, आणि अशा गाड्या रस्त्यावर आहेत.

मग गळती कुठल्या बाजूला आहे ते बघा. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा बल्बच्या अर्थिंगच्या वायरीवर, लाइट चालू. इथे ०.२ व्होल्टच्या वर काही आलं तर अर्थिंग खराब आहे, आणि हे फुकटात दुरुस्त होतं: अर्थिंगची वायर जिथे बॉडीला बोल्टने पकडलीय ती खोला, गंज आणि पेंट खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली. बस.

एक सावधगिरी, काही गाड्यांत उलटं असतं, बल्बच्या तीन पिनांतली कॉमन पिन अर्थिंगची नसून पॉझिटिव्हची असते आणि स्विच अर्थिंग जोडतो-तोडतो. तुमच्या गाडीत काय आहे ते इंटरनेटवर शोधण्यापेक्षा मीटरने बघा. कपलर काढा, लाइट चालू, मीटरचा काळा प्रोब बॉडीला लावून तिन्ही पिना तपासा. अप्पर असो की डिप्पर, जी पिन दोन्ही वेळी १२ च्या वर दाखवते ती कॉमन पॉझिटिव्ह. फक्त अप्परला एक आणि फक्त डिप्परला दुसरी जिवंत होत असेल तर कॉमन पिन अर्थिंगची. हे कागदावर लिहून ठेवा, रिले बसवताना लागणार आहे.

तिसरं काम, रिले किट

रिले म्हणजे काय तर दूरचा स्विच. जुना स्विच आणि जुनी बारीक वायर आता फक्त रिलेच्या कॉइलला चिमूटभर करंट देणार, आणि बल्बचा खरा करंट बॅटरीतून जाड वायरीने थेट येणार. स्विचही वाचतो, त्याचे पॉइंट जळत नाहीत.

तयार किट घ्या, ज्यात कंपनीची वायर कुठेही कापावी लागत नाही. आत दोन रिले, फ्यूज होल्डर, बल्बसाठी दोन सॉकेट (सिरॅमिकचे असतील तर उत्तम), आणि एक नर प्लग असतो जो तुमच्या मूळ कपलरमध्ये बसतो. दुकानात किट हातात घेऊन वायरीची जाडी बघा, मुख्य वायर २.५ स्क्वेअर मिलिमीटरची पाहिजे. नुसतं जाड इन्सुलेशन आणि आत चार तारा असले किट भरपूर मिळतात, टोकाला तांबं किती दिसतंय ते बघा. दोन डिप्पर मिळून साधारण ९ अँपिअर ओढतात, अप्पर १० च्या आसपास, म्हणून प्रत्येकाला १५ अँपिअरचा फ्यूज ठीक. ३० चा लावू नका, शॉर्ट झालं तर फ्यूज शाबूत राहून वायर पेटते.

बसवायचा क्रम:

१. गाडी थंड, किल्ली काढलेली. १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. पॉझिटिव्हला पाना लावून तो चुकून बॉडीला टेकला तर काय होतं ते बघायची वेळ आणू नका.

२. काहीही न जोडता पूर्ण किट बॉनेटमध्ये पसरवून बघा. रेडिएटरच्या वरच्या पट्टीवरून वायर एका लाइटपासून दुसऱ्यापर्यंत जाते. रेडिएटरचा फॅन, एक्झॉस्ट आणि बॉनेटचं कुलूप या तिघांपासून लांब. वायरीवर करकरीत प्लास्टिकची स्लीव्ह असावी, नसेल तर घाला.

३. रिले बॅटरीच्या जवळ, बोल्टने बॉडीला पक्का, आणि पिना खालच्या दिशेला. पिना वर किंवा आडव्या ठेवल्या की पावसाळ्यात पाणी आत साठतं आणि काही दिवसांतच पिना हिरव्या होतात.

४. मूळ कपलर एका बाजूचा किटच्या नर प्लगमध्ये घाला. दुसऱ्या बाजूचा मूळ कपलर आता रिकामा राहील, त्याचं तोंड टेपने नीट बंद करून बांधून ठेवा.

५. नवीन सॉकेट बल्बला लावा. जुना सॉकेट काढल्यावर त्याचं प्लास्टिक बघा, तपकिरी होऊन वितळलेलं असेल तर बऱ्याच वर्षांपासून तिथे कनेक्शन ढिलं होतं हे समजून जा.

६. अर्थिंगच्या रिंग बॉडीच्या बोल्टला, खाली पत्रा खरवडून. पेंटवर बोल्ट आवळला तर किट लावून काही मिळवलंच नाही.

७. मग पॉझिटिव्ह, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, आणि शेवटी निगेटिव्ह.

डिप्पर लावा, टक् असा आवाज यायला पाहिजे, अप्परला दुसरा टक्. आवाज आला पण लाइट नाही तर बॅटरीकडून येणारी वायर, फ्यूज किंवा अर्थिंग बघा. आवाजच नाही तर मघाचा कागद काढा. रिलेवर ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना, ३० वर बॅटरी, ८७ मधून बल्ब. कॉइलची दोन्ही टोकं नर प्लगमधूनच येत असतील तर कॉमन पॉझिटिव्ह असो की अर्थिंग, किट चालतं. पण काही किटमध्ये कॉइलचं एक टोक थेट बॉडीला दिलेलं असतं, ते कॉमन पॉझिटिव्हच्या गाडीत चालणारच नाही, तेवढं टोक ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. सगळं चाललं की पंधरा-वीस मिनिटं डिप्पर चालू ठेवून वायरीवर आणि रिलेवर हात फिरवा. कोमट चालेल, चटका बसायला नको.

अप्परला डिप्परही चालू ठेवणारी वायरिंग काही इलेक्ट्रिशियन हौसेने करून देतात, ती करू नका, एच-फोरच्या एवढ्याशा काचेत दोन्ही तारा एकदम जाळल्या तर बल्ब आणि रिफ्लेक्टर दोन्ही भाजतात. गाडी वॉरंटीत असेल तर हे सगळं करण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

आता बल्ब

जुना बल्ब काढून काचेकडे बघा. आतून राखाडी-काळी झाक आली असेल तर तो जळत असला तरी म्हातारा झालाय. दोन्ही बल्ब एकदम बदला, एक नवा एक जुना ठेवला तर एक डोळा मिचकावल्यासारखी गाडी दिसते आणि रस्ताही एका बाजूलाच दिसतो.

घ्यायचा कुठला? ६०/५५ वॅटच. चांगल्या कंपनीचा साधा बल्ब, व्होल्ट नीट मिळत असतील तर बहुतेकांना पुरतो. त्यावरचा पर्याय म्हणजे ओसराम नाइट ब्रेकर किंवा फिलिप्स एक्स्ट्रीम व्हिजनसारखे, वॅट तेवढेच, पण तार जास्त नेमकी आणि जास्त तापणारी, त्यामुळे झोत लांब जातो. पाकिटावरचं अधिक १०० टक्के, १३० टक्के हे झोतातल्या ठरावीक ठिकाणचं मोजमाप असतं, एकूण प्रकाश दुप्पट होत नाही. आणि आयुष्य साध्यापेक्षा बरंच कमी. रात्रीचं ड्रायव्हिंग जास्त असेल तर मी हेच घेईन.

निळसर काचेचे, ५००० केल्विन (हे प्रकाशाच्या रंगाचं माप) लिहिलेले हॅलोजन घेऊ नका. तो निळा रंग म्हणजे प्रकाशावरची गाळणी, पिवळा भाग अडवून पांढरं दाखवते, म्हणजे रस्त्यावर कमीच पोचतं. आणि ओल्या डांबरावर, घाटातल्या धुक्यात तर अजूनच कमी दिसतं.

१००/९० वॅटचे बल्ब अजूनही सर्रास मिळतात, पाकिटावर रस्त्यावर वापरासाठी नाही असं छापलेलं असतं तरी. छोट्या गाडीच्या प्लास्टिकच्या रिफ्लेक्टरला ती उष्णता सोसत नाही, चांदी जळते, होल्डर वितळतो, आणि मग असेंब्लीच बदलायला लागते.

बसवताना बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल तिथे जळून काच कमजोर होते. लागलंच तर स्पिरिटने पुसून वाळवा. मागचं रबरी बूट काढा, तारेची क्लिप दाबून सोडा, जुना बल्ब बाहेर. नव्याच्या पत्र्याला तीन कान असतात, त्यांच्या जागेतच बसतात, तिरका बसला तर क्लिप जोर लावूनच लागेल, तसा जोर लावू नका, पुन्हा काढून बसवा. रबरी बुटावर वरची बाजू दाखवणारी खूण असते ती वर ठेवून चारी बाजूंनी बोटाने दाबत जा. इथून पाणी शिरलं की पहिल्याच पावसात आत दव धरतं.

एलईडीचं काय

याचं सरळ उत्तर देतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालायला मी सांगणार नाही. मघाशी म्हटलं तसं सगळी रचना एका बारीक तारेच्या जागेवर उभी आहे. एलईडीत तारेच्या जागी चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात, प्रकाश तसा चारी बाजूंनी निघतच नाही. मग गाडीच्या अगदी पुढे दहा-पंधरा मीटर लख्ख उजेड आणि लांबवर काहीच नाही, असा झोत मिळतो. जवळचा उजेड बघून डोळ्याची बाहुली आकसते, त्यामुळे लांबचं अजूनच कमी दिसतं, पण चालवणाऱ्याला वाटतं केवढा लाइट आहे! आणि कट-ऑफच्या वर सांडलेला प्रकाश समोरच्या बाइकवाल्याच्या डोळ्यात. शिवाय मागचा फॅन आणि हीटसिंक रबरी बुटात मावत नाही, लोक बूट कापतात नाहीतर काढून टाकतात, आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात लाइटच्या आत पाणी.

कायद्याचंही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाने असा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ तर थेट डोळे दिपण्याबद्दलच आहे, लाइटपासून ८ मीटरवर, उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिपता कामा नये. म्हणजे समोरून येणारा माणूसच. पुढे सर्चलाइट, स्पॉटलाइट लावायलाही नियम १११ ने मनाई आहे.

प्रोजेक्टर बसवून घेणं ही वेगळी गोष्ट आहे, त्यात लेन्स स्वतःचा कट-ऑफ बनवते आणि काम चांगलं झालं तर झोत खरंच सुंदर पडतो. पण असेंब्ली तापवून उघडावी लागते, परत नीट सील झाली नाही तर पाणी, लेन्स तिरकी बसली तर सगळंच तिरकं, कलम ५२ चा प्रश्न तिथेही आहेच, आणि बाहेरून येणाऱ्या बऱ्याच लेन्स उजव्या बाजूच्या वाहतुकीच्या असतात, त्यांची रेघ उजवीकडे चढते, म्हणजे नेमकी समोरच्याच्या डोळ्यात. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने प्रोजेक्टर दिला असेल तर ती पूर्ण असेंब्ली वायरिंगसकट मिळते का ते विचारा, तोच बरा मार्ग.

सेटिंग, याशिवाय वरचं सगळं अर्धवट

बल्ब बदलला, असेंब्ली बदलली, पुढचं सस्पेन्शन काम झालं, की सेटिंग बघायचंच. सपाट जागा आणि भिंत पाहिजे, सोसायटीचं पार्किंग, शाळेची भिंत, काहीही. टायरची हवा बरोबर, डिकी रिकामी, टाकी साधारण अर्धी, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस. डॅशबोर्डवर लाइट वर-खाली करायची चकती असेल तर ती शून्यावर.

गाडी भिंतीला अगदी चिकटवून उभी करा आणि प्रत्येक लाइटच्या मध्यबिंदूची जागा भिंतीवर टेपने खुणावा, उभी आणि आडवी अशी फुली. काही काचांवर मध्यभागी बारीक टिंब असतं, ते धरा. आता गाडी सरळ मागे घ्या, बरोबर १० मीटर, टेपने मोजून. डिप्पर लावा. एका लाइटपुढे पुठ्ठा धरा, काचेला टेकवू नका, प्लास्टिक तापतं. दुसऱ्याचा कट-ऑफ बघा: आडवी रेघ फुलीच्या १० सेंटिमीटर खाली पाहिजे आणि ती डावीकडे जिथून चढायला लागते तो कोपरा फुलीच्या सरळ खाली. जागा कमी असेल तर ५ मीटरवर ५ सेंटिमीटर. उतार एक टक्का, एवढंच. काही असेंब्लीवर हा टक्का छापलेला असतो, असेल तर तोच घ्या.

लाइटच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावी-उजवी. एका वेळी अर्धा फेरा, मग भिंतीकडे बघा. डावी-उजवीच्या स्क्रूला गरज नसेल तर हात लावू नका. एच-फोरमध्ये डिप्पर बसवला की अप्पर आपोआप बसतो, तो वेगळा करायचा नाही.

एक टक्क्याचा अर्थ रस्त्यावर काय होतो बघा. हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर झोताची वरची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. चुकून दोन टक्के खाली असेल तर साडेबत्तीस मीटरवरच, म्हणजे बल्ब कितीही भारी आणा, दिसणं निम्म्यावर. आणि आता वेग धरा. ताशी ६० ला दीड सेकंद भानावर यायला, मग कोरड्या रस्त्यावर ब्रेक, मिळून साधारण ४८ मीटर लागतात. ताशी ८० ला साधारण ७४. ओल्या रस्त्यावर त्याहून बरंच जास्त. डिप्परवर ८० ने जाणारा माणूस जिथवर दिसतं त्याच्या पुढे गाडी चालवतोय, सेटिंग अगदी बरोबर असलं तरी. सुरुवातीला सांगितलेल्या त्या उसाच्या ट्रॉलीचं गणित हेच आहे. म्हणून रस्ता मोकळा असेल तेव्हा अप्पर वापरा, आणि समोर लाइट दिसला की लगेच डिप्पर.

मागे तिघं आणि डिकी भरलेली असेल तर गाडीचं नाक वर होतं आणि बरोबर सेट केलेला डिप्परही समोरच्याच्या डोळ्यात जातो. चकती असेल तर एक-दोन घर खाली करा. गणपतीला गाडी भरून कोकणात जाताना हे हमखास विसरलं जातं.

फॉग लॅम्प

आंबोली, ताम्हिणी, वरंध, महाबळेश्वर या बाजूला पावसाळ्यात नेहमी जात असाल तरच. धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण थेंबांवरून प्रकाश परत आपल्याकडेच येतो. फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली बसतो, झोत रुंद आणि चपटा, धुक्याच्या खालून रस्त्याची कड आणि पांढरा पट्टा दाखवतो. कंपनीची ॲक्सेसरी घ्या, तिला बंपरमध्ये जागा आणि ब्रॅकेट तयार असतं, वेगळा रिले आणि फ्यूज पाहिजेच. त्यांनी लांबचं दिसणार नाही, ते त्यांचं कामच नाही, आणि हवा स्वच्छ असताना बंद ठेवा.

काढलेल्या बल्बांपैकी जो बरा असेल तो नव्याच्या पाकिटात घालून कापडात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, सोबत १५ चे दोन फ्यूज आणि एक छोटा टॉर्च. आणि दिवसा उजेडी घरीच एकदा स्वतःच्या हाताने बल्ब काढून परत बसवून बघा, काही गाड्यांत बॅटरीच्या बाजूच्या लाइटमागे हातच जात नाही, एअर फिल्टरचा पाइप नाहीतर बॅटरीची पट्टी सैल करावी लागते, आणि त्याला कुठला पाना लागतो ते तेव्हाच कळतं. तो पाना पण त्याच कप्प्यात.